अंबडमध्ये भाड्याने मिळणारं बीएलआय यंत्र: डेंग्यू स्ट्रिपच्या कामात आलेला अनुभव

सातपूरला आमचं रॅपिड टेस्ट किटचं छोटं युनिट आहे आणि तिथलं आर अँड डी मी बघते. सध्या एनएस१ (डेंग्यूत रक्तात येणारं विषाणूचं प्रोटीन) ओळखणाऱ्या स्ट्रिपचं काम चालू आहे. हाताशी आठ अँटीबॉडी होत्या आणि त्यांतून जोडी निवडायची होती: एक लाइनला रंग देणाऱ्या सोन्याच्या कणांना जोडायला, दुसरी टेस्ट लाइनवर लावायला. ही निवड आम्ही आजवर एलायझावर, म्हणजे रंगाच्या जोरावरून पकड जोखणाऱ्या प्लेटवरच्या चाचणीवर, करत आलो. एलायझात सगळ्यात जोरात रंग देणारी अँटीबॉडी स्ट्रिपवर मात्र कधी कधी फिकट लाइन देते, हा अनुभव किट बनवणाऱ्या प्रत्येकाला आहे. त्याचं कारण नेमकं कुठल्या अँटीबॉडीत दडलंय हे एलायझा सांगत नाही. म्हणून यंदा अंबडच्या एका खासगी प्रयोगशाळेतलं बायोलेअर इंटरफेरोमेट्रीचं, म्हणजे बीएलआयचं, यंत्र भाड्याने वापरलं. हा रिव्ह्यू त्या यंत्राचा आणि त्या सेवेचा.

प्रयोगशाळेचं नाव लिहीत नाही. त्यांचं स्वतःचं काम मोठं आहे, बाहेरच्यांना आठवड्यातले दोनच दिवस देतात आणि त्यांना जाहिरात नको आहे. एमआयडीसीत औषधांच्या किंवा किटच्या कामात असलेल्यांना दोन फोनमध्ये पत्ता लागेल.

यंत्राचं तत्त्व नाशिकमध्ये पावसाळ्यात रस्त्याने जाणाऱ्या कुणीही पाहिलेलं आहे. ट्रकमधून गळलेलं ऑइल ओल्या डांबरावर पसरतं आणि त्यात रंगांचे पट्टे उमटतात. ऑइलच्या वरच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतात. काही रंग बळावतात, काही विझतात, आणि कुठले बळावणार ते थराच्या जाडीवर ठरतं. बीएलआयच्या टिपमध्ये हेच घडतं. टिप म्हणजे काचेचा बारीक तंतू. त्याच्या टोकाला पारदर्शक थर असतो आणि त्यावर अँटीबॉडी धरून ठेवणारा जैविक लेप. वरून पांढरा प्रकाश सोडतात. त्यातला थोडा आतल्या सीमेवरून परततो, थोडा द्रावणाला टेकलेल्या बाहेरच्या पृष्ठभागावरून. टोकावर रेणू बसत गेले की बाहेरचा पृष्ठभाग किंचित पुढे जातो आणि परतलेल्या प्रकाशाचा नमुना लांब तरंगलांबीकडे सरकतो. यंत्र हे सरकणं सतत मोजत राहतं आणि स्क्रीनवर रेघ वर चढते. रेणू सुटायला लागले की रेघ उतरते.

पहिल्यांदा बघणाऱ्याने एक लक्षात ठेवावं. स्क्रीनवरचा १ नॅनोमीटर हा तरंगलांबीतला बदल असतो. थर तेवढाच जाड झाला असा त्याचा अर्थ घेऊ नये.

हिंगोलीत औंढा नागनाथजवळ जे लायगो-इंडिया उभं राहणार आहे तेही इंटरफेरोमीटरच, ४ किलोमीटर लांबीच्या भुजांचं. तिथे गुरुत्वीय लहरी पकडायच्या आणि इथे टोकावर बसलेलं प्रोटीन. दोन्हीकडे प्रकाशाच्या दोन वाटांमधला फरकच वाचला जातो. आपल्याच राज्यात या एका तत्त्वाची एवढी मोठी आणि एवढी छोटी अशी दोन्ही रूपं असणार, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

यातली माझ्या कामाची गोष्ट म्हणजे लेबल लागत नाही. एलायझात अँटीबॉडीला रंग आणणारं एचआरपी एन्झाइम जोडावं लागतं. ते स्वतःच ४४ किलोडाल्टनच्या आसपास असतं आणि कधी कधी नेमकं पकडीच्या जागेजवळ बसतं. शिवाय एलायझात तासभर ठेवायचं, धुवायचं, पुन्हा ठेवायचं, पुन्हा धुवायचं आणि शेवटी एक आकडा वाचायचा. मधल्या वेळात काय झालं ते कळत नाही. बीएलआयमध्ये अँटिजेन (अँटीबॉडी ज्याला पकडते तो रेणू, आमच्याकडे एनएस१) जसाच्या तसा असतो आणि तो बसताना, सुटताना सेकंदासेकंदाला दिसतो.

आता प्रत्यक्ष काम. आम्ही नमुने थर्मोकोलच्या डब्यात बर्फावर ठेवून लिंक रोडने सकाळीच पोहोचलो. यंत्र चालवणारी मुलगी निफाडची आहे, बायोटेक शिकलेली आणि हाताला अतिशय स्वच्छ. तिने आधी आमचे बफर विचारले. "मॅडम, अँटिजेन कशात आहे? ग्लिसरॉल आहे का?" होतं, कारण विकत घेतलेल्या बहुतेक प्रोटीनमध्ये असतं. तिने सांगितलं की प्लेटच्या एका वेलमध्ये, म्हणजे खाचेत, ग्लिसरॉल आणि शेजारच्यात नाही असं झालं, तर टिप एकातून दुसऱ्यात जाताना रेघ एकदम उडी मारते आणि ती उडी बंधासारखी दिसते. म्हणून बेसलाइन (काही बसण्याआधीची सपाट रेघ), अँटिजेन आणि सुटण्याची पायरी या तिन्हींसाठी बफर एकच हवा. आम्ही सगळं फॉस्फेट बफरमध्ये ०.१ टक्का बीएसए हे प्रोटीन आणि ०.०२ टक्के ट्वीन-२० हा साबणासारखा पदार्थ घालून तयार केलं. तुम्ही जाणार असाल तर हे घरून करून जा, तिथला वेळ वाचतो. टिप कमीत कमी दहा मिनिटं त्याच बफरमध्ये भिजवाव्या लागतात. कोरड्या टिपने काम सुरू केलं तर बेसलाइन सरकत राहते.

प्लेट काळी, ९६ वेलची, प्रत्येक वेलमध्ये २०० मायक्रोलिटर. यंत्रात पंप नाही, नळ्या नाहीत. आठ टिप एकदम एका रांगेतून दुसऱ्या रांगेत बुडतात आणि प्लेट खाली १००० आरपीएमने हलत राहते. आमच्या अँटीबॉडी उंदराच्या होत्या, म्हणून उंदराच्या अँटीबॉडीची शेपटी पकडणाऱ्या टिप घेतल्या. क्रम असा: एक मिनिट बेसलाइन, पाच मिनिटं अँटीबॉडी चढवणं, दोन मिनिटं पुन्हा बेसलाइन, पाच मिनिटं अँटिजेन, दहा मिनिटं कोरा बफर. तेवीस मिनिटांत आठही अँटीबॉडींचा पहिला अंदाज समोर आला. एलायझावर याला आमचा अख्खा दिवस जातो, आणि तरीही यातली अर्धी माहिती मिळत नाही.

ती उरलेली माहिती कोणती, हे सांगायलाच मी हा रिव्ह्यू लिहायला घेतला.

आठांपैकी दोन अँटीबॉडींची पकड कागदावर अगदी सारखी आली, १ नॅनोमोलरच्या आसपास (आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट). विक्रेत्याच्या माहितीपत्रकात एवढाच आकडा असतो आणि आपण त्यावर पैसे मोजतो. पण हा आकडा म्हणजे सुटण्याचा वेग भागिले बसण्याचा वेग. वेगवेगळे दोन वेग भागून उत्तर एकच येऊ शकतं. आमच्या पहिल्या अँटीबॉडीत दर सेकंदाला हजारातला साधारण एक बंध सुटत होता, म्हणजे अकरा-बारा मिनिटांत निम्मे बंध गेले. दुसरीत दहा हजारातला एक, म्हणजे निम्मे सुटायला जवळजवळ दोन तास. पण बसण्याच्या बाबतीत पहिली दसपट जलद होती. स्क्रीनवर पहिलीची रेघ उभ्या कड्यासारखी चढली आणि उतरलीही, तर दुसरीची हळू चढून वर तशीच राहिली.

आता हे एलायझाच्या आणि स्ट्रिपच्या नजरेने बघा. एलायझात तासभर वेळ असतो, त्यामुळे हळू बसणारीलाही बसायला सवड मिळते. नंतरच्या धुण्यात आणि पुढच्या तासाभरात जलद सुटणारी वाहून जाते. म्हणून एलायझात दुसरी अँटीबॉडी सरस ठरते. स्ट्रिपवर नेमकं उलट होतं. रक्तातला अँटिजेन पडद्यावरून वाहत टेस्ट लाइन ओलांडतो ते काही सेकंदांत. जी अँटीबॉडी त्या सेकंदांत पकडते तीच लाइन देते. नंतर तिने दोन तास धरून ठेवलं काय किंवा नाही काय, आपण स्ट्रिप वाचतो पंधरा-वीस मिनिटांत. म्हणून आम्ही जलद बसणारी टेस्ट लाइनवर घेतली आणि घट्ट धरणारी सोन्यावर. सोन्यावर अँटीबॉडी दाटीने बसतात, अँटिजेनशी त्यांची गाठ लाइनच्या आधीच पडते आणि एक सुटली तरी शेजारची धरते, त्यामुळे तिथे हळू बसणारी चालून जाते. सातपूरला परत येऊन अशा आणि याच्या उलट, दोन्ही मांडणींच्या स्ट्रिप बनवल्या. या मांडणीत कमी अँटिजेनच्या नमुन्यावर लाइन स्पष्ट दिसली, उलट्या मांडणीत तोच नमुना उजेडात तिरका धरून शोधावा लागला. ग्रामीण भागात संध्याकाळी ट्यूबलाइटखाली स्ट्रिप वाचणाऱ्या लॅब टेक्निशियनसाठी या दोन लाइनींमधला फरक म्हणजे पेशंटच्या रिपोर्टमधला फरक.

जोड्या तपासण्याचं कामही याच यंत्रावर केलं, पण तिथे एनएस१ने फार सावध राहायला लावलं. जोडी तपासताना टिपवर पहिली अँटीबॉडी, मग अँटिजेन, मग दुसरी अँटीबॉडी असा क्रम असतो. रेघ तिसऱ्यांदा चढली तर दुसरीची जागा वेगळी, म्हणजे जोडी जमते. यात दोन अडचणी आहेत. एक, टिप उंदराची कुठलीही अँटीबॉडी पकडते, त्यामुळे दुसरी अँटीबॉडी अँटिजेनवर न बसता सरळ टिपवरच बसू शकते. म्हणून मधे उंदराचीच, पण डेंग्यूशी संबंध नसलेली अँटीबॉडी चढवून रिकाम्या जागा भरून टाकाव्या लागतात. दोन, रक्तात येणारा एनएस१ एकटा नसतो, सहा प्रती एकत्र गुंफलेल्या असतात, मिळून सुमारे ३०० किलोडाल्टन. पहिल्या अँटीबॉडीने एक प्रत पकडली तरी बाकीच्या प्रतींवर तीच जागा मोकळी असते. मग तीच अँटीबॉडी दुसऱ्यांदा दिली तरी रेघ चढते. म्हणून स्वतःची स्वतःशी जोडी किती चढते ते आधी मोजायचं आणि त्याहून स्पष्टपणे जास्त चढेल तीच जोडी खरी धरायची. निफाडच्या त्या मुलीने हा कंट्रोल आम्ही न सांगता प्लेटमध्ये घातला होता. यंत्र कोणीही विकत घेईल, पण अशी माणसं मिळणं महत्त्वाचं.

याच सहापदरी रचनेमुळे सुटण्याचा वेगही फसवा येऊ शकतो. टिपवर अँटीबॉडी दाट असतील तर एकाच अँटिजेनला दोन-तीन जणी धरतात, एक सुटली तरी बाकीच्या सोडत नाहीत आणि पकड आहे त्यापेक्षा घट्ट दिसते. उपाय म्हणजे टिपवर अँटीबॉडी विरळ चढवायची आणि वेगवेगळ्या प्रमाणात चढवून उत्तर बदलतं का ते बघायचं. आम्ही बदललं. आकडे थोडे हलले, दोघींचा क्रम तसाच राहिला, तेव्हा मला विश्वास आला. ज्यांच्या रिपोर्टमध्ये फक्त एकच चढवणी आहे, त्यांच्या "पिकोमोलर" (नॅनोमोलरच्या हजाराव्या भागातल्या) पकडीवर मी विसंबणार नाही.

खूप हळू सुटणाऱ्या अँटीबॉडीसाठी दहा मिनिटं पुरत नाहीत. सुटण्याचा वेग भरवशाने काढायचा तर सिग्नल निदान ५ टक्के तरी उतरायला हवा. लाखातला एक बंध दर सेकंदाला सुटत असेल तर तेवढी उतरण व्हायला जवळजवळ दीड तास लागतो, आणि तोवर वेलमधलं पाणी उडायला लागतं. उन्हाळ्यात नाशिकची हवा कोरडी असते, एसी हवा आणखी कोरडी करतो. लांबलचक प्रयोगासाठी हे यंत्र मला सोयीचं वाटलं नाही.

खर्चाचं सांगायचं तर टिपच महाग. एकेक काहीशे रुपयांची, आणि ट्रे उघडला की ओलावा लागू नये म्हणून जपावं लागतं. आमच्या प्रकारच्या टिप ग्लायसीनच्या आम्लात, पीएच १.७ला, बुडवून काही वेळा परत वापरता येतात. दर फेरीला ओळखीची अँटीबॉडी चढवून टिप अजून तेवढीच पकडते ना हे बघायचं. अँटिजेनची मात्र बचत होते. १०० नॅनोमोलरचे २०० मायक्रोलिटर म्हणजे एनएस१चे ६ मायक्रोग्रॅम, आणि मोजून झाल्यावर ते पिपेटने परत काढून घेता येतात. प्रोटीन मायक्रोग्रॅमच्या भावाने विकत घेणाऱ्याला याची किंमत कळेल.

"एसपीआर का नको?" असं आमच्या भागीदारांनी विचारलं. एसपीआर, म्हणजे सरफेस प्लाझमॉन रेझोनन्स, ही लेबलशिवाय बंध मोजण्याची दुसरी प्रकाशीय पद्धत. तिचं बियाकोर हे यंत्र १९९०मध्ये स्वीडनमधून बाजारात आलं आणि बारीक वेग मोजण्यात ही पद्धत आजही सरस आहे. पण तिच्यात नमुना बारीक वाहिन्यांतून वाहतो. गढूळ नमुना, सीरम, पेशींचा अर्क घातला की वाहिनी तुंबायची भीती. बीएलआयमध्ये बुडवायचं आणि वाचायचं. आमच्यासारख्या रोज वेगळा नमुना घेऊन येणाऱ्यांना हेच हवं. संवेदनशीलता हाच निकष असेल तर इंटरफेरोमीटरचेही याहून सूक्ष्म प्रकार आहेत: चिपवरच्या वाहिनीतून प्रकाशाच्या दोन वाटा काढणारे माख-झेंडर, किंवा बार्सिलोनात लॉरा लेचुगा यांच्या गटाने विकसित केलेला, एकाच वाहिनीत प्रकाशाचे दोन मोड (वाहण्याच्या दोन तऱ्हा) वापरणारा. ते अपवर्तनांकातला एक कोटीव्या भागाइतका बदल टिपतात. बीएलआय तितकं सूक्ष्म नाही. जोडी निवडायला तितकी सूक्ष्मता लागतही नाही.

माझा मावसभाऊ पिंपळगाव बसवंतला द्राक्षं करतो. त्याने लगेच विचारलं, "ताई, यावर रेसिड्यू, म्हणजे औषधांचे अंश, निघेल का?" २०१०मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे युरोपात द्राक्षांचे कंटेनर अडकले होते, ते इकडच्या कुठल्याही बागायतदाराच्या मनातून गेलेलं नाही. त्याला दिलेलं उत्तर इथेही देते: नाही. अँटीबॉडी सुमारे दीड लाख डाल्टनची आणि क्लोरमेक्वाट क्लोराइड १५८ डाल्टनचं. टोकावर एवढासा रेणू बसला तर थरात कळण्याजोगा फरक पडत नाही. उलट बाजूने, स्पर्धेच्या पद्धतीने, लहान रेणू मोजता येतात, पण त्यासाठी प्रत्येक औषधाला वेगळी अँटीबॉडी लागेल. बागेत फवारलेल्या सगळ्या औषधांचे अंश एका नमुन्यात शोधायचे तर एलसी-एमएसएमएसला (रेणू वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्राला) पर्याय नाही. कुणी "सेन्सरवर रेसिड्यू काढून देतो" म्हणून पैसे मागितले, तर आधी कुठल्या औषधासाठी आणि कुठल्या मर्यादेपर्यंत ते लेखी मागा.

आता सेवा. बसायला जागा नीट, कामाच्या वेळी शेजारी बसू देतात, प्रश्न विचारले तर चिडत नाहीत. यंत्राला स्वतंत्र यूपीएस आहे. मधे वीज गेली तेव्हा रेघ जराही हलली नाही, आणि अंबडमध्ये हे तपासूनच पैसे द्यावेत. तापमान ३० अंशांवर ठेवतात. तुम्हाला शरीराच्या तापमानाला मोजायचं असेल तर आधी सांगा. आवडलं नाही ते असं की खराब टिप निघाली तरी तिचे पैसे बिलात लागतात, आणि तारीख मिळायला फार थांबावं लागतं. पावसाळ्यात डेंग्यूचे पेशंट वाढतात तेव्हा स्ट्रिपला मागणी येते, त्या वेळी तीन आठवडे थांबणं आम्हाला परवडत नाही. त्यांनी बाहेरच्यांसाठी आणखी एक दिवस द्यावा असं मी त्यांना पत्राने कळवलं आहे.

विकत घ्यायचं का? आमच्या आकाराच्या युनिटने घेऊ नये. आठ टिपच्या यंत्राच्या किमतीत आमचं स्ट्रिप कापायचं आणि लाइन टाकायचं अख्खं सामान येतं, आणि जोड्या निवडायचं काम वर्षातून मोजक्या वेळा निघतं. सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या चार-पाच छोट्या कंपन्यांनी मिळून सोय केली तर गोष्ट वेगळी. तशी बोलणी कुणाला करायची असतील तर मी तयार आहे.

जाणाऱ्यांसाठी शेवटची सूचना. रिपोर्टची पीडीएफ घेऊन निघू नका, पेन ड्राइव्हवर कच्चा डेटाही मागा. ते देतात, पण मागितल्याशिवाय देत नाहीत. पीडीएफमध्ये फक्त गणिताने जुळवलेली गुळगुळीत रेघ असते. मूळ रेघ तिच्यापासून कुठे सुटते, कोऱ्या टिपची रेघ वजा केली आहे की नाही, हे कच्च्या डेटावरच कळतं. आमच्या आठांतली एक अँटीबॉडी पीडीएफमध्ये उत्तम दिसत होती. कच्च्या डेटात तिची रेघ अँटिजेन नसलेल्या वेलमध्येही चढलेली निघाली. ती आम्ही बाजूला ठेवली आहे. उरलेल्या सातांवर डेंग्यूच्या चारही प्रकारांचे एनएस१ वेगवेगळे लावून बघायचे आहेत, त्यासाठी पुढची तारीख मागून ठेवली आहे.